पेन्सिलीची फुली

"बेटा है या बेटी?" शाळेच्या फाटकापाशी सावली शोधून उभ्या राहिलेल्या एका गृहस्थांनी मला विचारलं. मे महिना होता. भारतातल्या मेडिकलच्या प्रवेशाची परीक्षा त्या दिवशी कुवेतमध्येही होती. आजूबाजूला अठरा वर्षांची मुलं आणि त्यांचे घामाघूम आईबाप. माझ्या हातातल्या पारदर्शक पिशवीत प्रवेशपत्र आणि पासपोर्ट होता.

"मैं ही हूँ," मी म्हटलं.

गृहस्थ आधी हसले. मी हसत नाही हे पाहून त्यांनी मला आपल्याजवळची थंड पाण्याची बाटली देऊ केली. माझ्या वयाला दिली असावी. मी घेतली.

माझं वय सदतीस. बारा वर्षं मी इथल्या एका खासगी हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन आहे. नवरा एका पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये इंजिनियर, मुलगी चौदा वर्षांची, घर अबू हलीफात, समुद्रापासून दोन गल्ल्या आत. बारा वर्षं मी माणसांचं रक्त पाहिलं, माणसं पाहिली नाहीत. एखाद्याचं पोटॅशियम भलतंच वर गेलेलं दिसलं की वॉर्डला फोन करायचा, आकडा सांगायचा, ऐकणाऱ्याचं नाव लिहून घ्यायचं. फोन ठेवला की आपलं काम संपलं. पुढे त्या माणसाचं काय झालं, हे मला कुणी कधी सांगितलं नाही. या परीक्षेची वयाची वरची अट उठली आहे, असं एका सहकारी नर्सच्या तोंडून ऐकलं त्या दिवसापासून मला झोप लागेना. दोन वर्षं पहाटे उठून अभ्यास केला. मुलगी म्हणायची, "आई, यू विल बी ओल्डर दॅन युअर टीचर्स." बरोबरच होतं तिचं.

मार्क बरे पडले. सरकारी कॉलेजला पुरणार नाहीत, पण खासगीत कुठेतरी जागा मिळेल, इतपत बरे. फीसाठी काय मोडायचं ते आमचं आधीच ठरलं होतं, तो विषय इथे काढत नाही. हे एकदाच करायचं, यंदा नाही तर कधीच नाही, हेही ठरलं होतं.

जुलैत सुट्टीवर नाशिकला गेले तेव्हा गॅप सर्टिफिकेट काढायला कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडे बसले. शिक्षणात खंड का पडला, याचं हे प्रतिज्ञापत्र.

"गॅप किती?" त्याने विचारलं.

"पंधरा."

"महिने?"

"वर्षं."

त्याने हात थांबवले. "ताई, याला गॅप नाही म्हणत. याला संसार म्हणतात." तरी टाइप मात्र गॅपच केलं.

मग आली कॉलेजांची पसंती भरायची वेळ. हा प्रकार वरवर सोपा वाटतो. साइटवर कॉलेजांची नावं आपल्या पसंतीच्या क्रमाने लावायची. साइट ती यादी वरून खाली वाचत येते, आणि आपले मार्क जिथे बसतात तिथे थांबते. खालच्या नावांना मग ती हातही लावत नाही. म्हणजे जिथे आपला नंबर लागू शकतो अशी सात कॉलेजं असतील, तर वर काय टाकलं यावरच पुढची साडेपाच वर्षं ठरणार.

माझ्या नवऱ्याला प्लांटमध्ये एक व्हॉल्व्ह बदलायचा असला तरी आधी तो लाल-पिवळा-हिरवा तक्ता करतो. काय बिघडू शकतं, बिघडलं तर नुकसान किती. तोच तक्ता त्याने माझ्या सात कॉलेजांचा केला. मुंबई विमानतळावरून किती तास. होस्टेलला मोठ्या बाईसाठी वेगळी खोली मिळते का. दर सहा महिन्यांच्या आत कुवेतला येऊन जाता येईल का, कारण सहा महिने बाहेर राहिलं तर इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, जातो. आणि एक रकाना आमच्या मुलीचा होता. ती आपल्या शाळेसाठी इथेच, बाबाजवळ राहणार होती. तिने स्वतः विचारलं होतं, "इफ आय फॉल सिक, हाऊ लाँग विल यू टेक?" त्याचं उत्तर प्रत्येक कॉलेजापुढे लिहिलं होतं. पुण्याजवळच्या कॉलेजातून एक दिवस, तो रकाना हिरवा. मराठवाड्याच्या टोकाच्या एका गावातल्या कॉलेजातून दोन दिवस, तो लालभडक.

शुक्रवारी सकाळी व्हिडिओ कॉल झाला. पुण्याहून सासूबाई, नाशिकहून अण्णा, म्हणजे माझे वडील, आणि इकडे आम्ही दोघं. तक्ता सगळ्यांना दाखवला. सासूबाई म्हणाल्या, "पुण्याजवळचंच वर टाक. घरी राहशील, होस्टेलचं अन्न नको." अण्णा म्हणाले, "मुख्य म्हणजे जवळ आहे." नवऱ्याने मान डोलावली. मराठवाड्यातलं कॉलेज सातव्या नंबरला गेलं. हे सगळे लोक माझ्या बाजूचे होते, हे मला नीट सांगितलं पाहिजे. सदतिसाव्या वर्षी सुनेला कॉलेजात धाडणारी सासू मी दुसरी पाहिलेली नाही. म्हणून तर तोंड उघडणं अवघड होतं.

कारण ते पुण्याजवळचं कॉलेज मी जुलैत पाहून आले होते. चकचकीत इमारत, कारंजं, वॉर्डातल्या चादरींना इस्त्री. सवयीने माझे पाय रक्त घ्यायच्या खिडकीकडे वळले. सकाळचे दहा वाजले होते. कुठल्याही हॉस्पिटलात त्या वेळी तिथे ही गर्दी असते. तिथे तीन माणसं होती, त्यातली दोन सिक्युरिटीची. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, तशी गत. पण तक्त्यात त्याला रकाना नव्हता, आणि मीही तो मागितला नाही.

साइटवर शिरायला ओटीपी लागायचा. कुवेतमधल्या प्रत्येक मराठी घराचा एक ओटीपीवाला माणूस भारतात असतो. इथला मोबाइल नंबर आठ आकडी, तिकडच्या फॉर्मांना दहा हवेत. म्हणून आपलं भारतातलं सिम एका साध्या बटणांच्या फोनमध्ये घालून तिकडे कुणाकडे तरी ठेवायचं. आमचा तो फोन अण्णांच्या फ्रिजवर असतो. बँक, गॅस, आधार, सगळ्याचे आकडे अण्णा आधी वहीत लिहितात आणि मग वाचून दाखवतात. प्रवेशासाठीही मी तोच नंबर दिला होता. दुसरा होताच कुठे?

त्या शुक्रवारी अण्णांनी आकडे वाचले, मी सात नावं लावली आणि सेव्ह केलं. बदल करायला पुढच्या गुरुवारपर्यंत मुदत होती, भारतातले पाच, म्हणजे आमचे दुपारचे अडीच. तोपर्यंत काही केलं नाही तर सेव्ह केलेली यादीच कायम होणार. सेव्ह दाबताना मला अचानक पेन्सिलीची फुली आठवली.

बारावीनंतरचा मेडिकलचा पसंतीचा फॉर्म अण्णांनी भरला होता. ते पाटबंधारे खात्यात कारकून, ऑफिसात अक्षर त्यांचंच सगळ्यात सुरेख. मी खोलीत गेले तेव्हा फॉर्म भरून झाला होता, आणि खाली सहीच्या जागी त्यांनी पेन्सिलीने बारीक फुली केली होती. मी फुलीवर सही केली. वर काय लिहिलंय ते वाचलं नाही. आईने वाढलेल्या आमटीत मीठ आहे का, हे आम्ही कधी विचारत नव्हतो, तसंच हे. नंबर लागला नाही. अण्णा म्हणाले, "थोडक्यात हुकलं." मग नाशिकलाच बीएस्सी आणि लॅबचा कोर्स, मग लग्न, मग कुवेत.

रविवारपासून मी एक उद्योग सुरू केला. तक्त्यात नसलेला रकाना स्वतःच भरायला घेतला. ब्रेकमध्ये एकेका कॉलेजच्या हॉस्पिटलात फोन करायचा, लॅबला जोडून घ्यायचं आणि विचारायचं, मीही लॅबवालीच आहे, तुमच्याकडे दिवसाला किती सॅम्पल येतात? डीन कधी खरं सांगणार नाही, पण टेक्निशियन टेक्निशियनशी खोटं बोलत नाही. पुण्याजवळच्या कॉलेजातला मुलगा जरा घुटमळला. मग हळूच म्हणाला, "मॅडम, इन्स्पेक्शन असलं की भरपूर असतात." दुसऱ्या दोन ठिकाणी चारेकशे म्हणाले, पण मागे अगदी शांतता होती. सातव्या नंबरच्या कॉलेजात बुधवारपर्यंत कुणी फोनच उचलला नाही.

गुरुवारी सकाळी सव्वादहाला शेवटचा म्हणून लावला, आणि कुणीतरी उचलला.

"कोण? कुवेत? कोणता पेशंट?"

मी माझं वाक्य म्हणून दाखवलं.

"ओ ताई, मोजायला कुणाला वेळ हाय हितं?" मागे ट्यूबा गरगर फिरवणारं सेंट्रिफ्यूज घोंघावत होतं आणि दोन-तीन माणसं एकदम बोलत होती. "अडीचशे ट्यूबा झाल्या सकाळपासून, ओपीडीची लाइन अजून गेटापर्यंत हाय. चारनंतर करा फोन." आणि ठेवायच्या आधीच तो कुणावर तरी ओरडला, "आरं ती आयसीयूची आधी लाव की!"

फोन बंद झाला. मी हातातला चहा तसाच ठेवला. गेल्या कित्येक वर्षांत माझ्याशी कुणी इतकं तुसडं बोललं नसेल, आणि मला इतका आनंदही झाला नसेल. मला तिथेच जायचं होतं. जिथे माणसं येतात तिथे. हे मनात स्पष्ट उमटलं, आणि त्याबरोबर त्या नावापुढचा मुलीचा लालभडक रकानाही.

दोन तास मी मशीनसमोर उभी राहून स्वतःशी भांडले. मुलगी आजारी पडली तर? दोन दिवस म्हणजे काय, ताप येऊन उतरूनही जाईल. पण मग मी शिकणार काय, इस्त्रीच्या चादरी? साडेपाच वर्षं रिकाम्या खाटांपुढे काढून बेचाळिशीनंतर मी कुठल्या तोंडाने कुणाच्या छातीला स्टेथोस्कोप लावणार? अठरा वर्षांच्या मुलीला पुढे चुका सुधारायला वेळ असतो, मला नव्हता. नवऱ्याला फोन केला. त्याचा फोन लॉकरमध्ये, कारण प्लांटच्या आत मोबाइल नेता येत नाही. मेसेज टाकला, फोन कर. तो पाहणार चारला.

एकला दहा कमी असताना मी ठरवलं. बरोबरच्या केरळी सीनियरला आम्ही सगळे चेची, म्हणजे ताई, म्हणतो. तिला म्हटलं, मला अर्धा तास हवाय. "जाओ, मैं देखती हूँ," ती म्हणाली. मी रिएजंटच्या, म्हणजे तपासणीच्या रसायनांच्या, खोलीत खोक्यावर बसले आणि फोनवरून साइट उघडली. ओटीपी पाठवला आहे, अशी ओळ आली.

अण्णांना लावला. रिंग वाजून थांबली. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावताना डोक्यात प्रकाश पडला. तिकडे सव्वातीन-साडेतीन झाले होते. अण्णा दोन ते चार झोपतात, फोन सायलेंट करून. आई गेल्यापासून घरात दुसरं कुणी नाही, आणि शेजाऱ्यांचा नंबर मी कधी घेतला नव्हता. एवढ्या शहाण्यासुरत्या तक्त्यात हा धोका कुणालाही दिसला नव्हता. माझं सगळं पुढचं आयुष्य नाशिकला एका फ्रिजवर पडलं होतं, आणि मालक घोरत होते.

एक वाजून वीस मिनिटांनी चेचीने दार उघडलं. कॅज्युअल्टीतून अर्जंट पोटॅशियम आलं होतं, आणि तिचे दोन्ही हात अडकलेले. गेले. मशीनला लावलं. आकडा वाईट आला, पुन्हा लावून खात्री केली, कॅज्युअल्टीला फोन केला, ऐकणाऱ्याचं नाव लिहून घेतलं. त्या पाच-सात मिनिटांत मात्र मी यादी पार विसरले होते. परत खोक्यावर बसले तेव्हा पावणेदोन वाजत आले होते. अकराव्या का बाराव्या वेळी अण्णांनी फोन घेतला.

"काय गं, या वेळेला?"

"अण्णा, फ्रिजवरचा फोन घ्या हातात. ओटीपी पाठवतेय."

"यादी तर झाली ना शुक्रवारी?"

"जरा बघायचीय पुन्हा."

"बघायचं काय त्यात? मी पाहिली की."

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. "बदलायचीय," मी म्हटलं.

फ्रिजजवळचं स्टूल सरकल्याचा आवाज आला.

"कुठलं टाकतेस वर?"

मी गावाचं नाव सांगितलं.

"तिथे? जावईबापूंना विचारलंस?"

"त्यांचा फोन लागत नाही."

"मग संध्याकाळी बोलू सगळे मिळून. घाई कशाला?"

"अण्णा, संध्याकाळी काही उरणार नाही. पाऊण तासात बंद होतंय. आकडे सांगा."

"मेसेज आलाय," ते म्हणाले, पण वाचेनात. वहीचं पान उलटलेलं ऐकू आलं. त्यांनी आकडे लिहून घेतले होते, हे मला कळत होतं. मी ओरडले, "अण्णा, वाचा ना!" चेचीने दाराच्या फटीतून डोकावलं आणि दार लावून घेतलं.

"तेव्हाही त्याच भागात लागत होता तुझा नंबर," अण्णा म्हणाले.

"केव्हा?"

"बारावीला. तिकडच्या सरकारी कॉलेजात. मी ते नाव लिहिलंच नाही फॉर्मवर. नाशिकपासून जवळची दोनच लिहिली. म्हटलं, एकटी मुलगी, एवढ्या लांब... नंतर यादी लागली तेव्हा पाहिलं मी. तुझ्यापेक्षा कमी मार्कांची मुलगी गेली तिथे."

मी खोक्यावर बसून होते. समोरच्या बाटल्यांवरची लेबलं वाचत होते, एकामागून एक. थोडक्यात हुकलं, हे मी एकोणीस वर्षं सगळ्यांना सांगत आले होते. नवऱ्याला बघायच्या कार्यक्रमात सांगितलं. मुलीला सांगितलं, तिला अभ्यासाला बसवताना. मुख्य म्हणजे स्वतःला. थोडक्यात कमी पडणारी मुलगी, हीच माझी माझ्या मनातली ओळख होती. मला असा राग आला की कानात आवाज यायला लागला. खूप बोलायचं होतं. घड्याळात एक वाजून चोपन्न मिनिटं झाली होती.

"आकडे सांगा," मी म्हटलं.

त्यांनी वाचले. मी घातले. ओटीपीची मुदत संपली, असं आलं. पुन्हा मागवला. पुन्हा वही, पुन्हा आकडे. दोन वाजून तीन मिनिटांनी साइट उघडली आणि मी अण्णांचा कॉल कापला.

सातवं नाव एकदम उचलून वर नेता येत नव्हतं. शेजारी एक बाण होता, तो दाबला की नाव एक घर वर सरकायचं आणि पान नव्याने उघडायचं. तळघरातल्या त्या खोलीत रेंज जेमतेम. सहा वेळा दाबायचं होतं. चौथ्या वेळी पान अडकलं आणि गोल फिरत राहिलं. मी देवाचं नाव घेत नाही, तेव्हाही घेतलं नाही, पण फोन उंच धरून दारापर्यंत चालत गेले. तिथे पान उघडलं. संध्याकाळी नवऱ्याशी यावरून भांडण झालं, चांगलं कडाक्याचं झालं. "निदान मला थांबायचं होतंस," तो म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं. पण त्या घडीला मला त्याची भीती वाटली नाही. भीती वाटली ती शेवटच्या बाणाला, पुण्याचं नाव खाली जाताना. तापाने फणफणलेली मुलगी आणि विमानतळाच्या बाकावर बसलेली मी, असं दोघींना मी तेव्हा स्पष्ट पाहिलं. तरी दाबला. हे मी तिला लपवून ठेवणार नाही. फॉर्मवर काय लिहिलं होतं, ते तिला माझ्याकडूनच कळेल.

यादी कायम करण्याचं बटण दाबलं, तर आणखी एक ओटीपी हवा, अशी ओळ आली. दोन वाजून एकोणीस मिनिटं.

मला त्यांचा आवाज ऐकायचा नव्हता. दुसरा इलाज नव्हता. लावला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत उचलला गेला. दोन्ही फोन हातात धरूनच बसले असावेत. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी सहा आकडे वाचले, सावकाश, आणि न मागता परत एकदा वाचले. मी घातले. बोट बटणावर ठेवलं.

"थांब," ते म्हणाले.

"आता काय अण्णा?"

"यादी वाचलीस का?"

"मीच लावलीय ती."

"तरी वाच. वरपासून खालपर्यंत वाच एकदा. मग दाब."

दहा मिनिटं उरली होती. माझा राग तसाच होता, आजही पुरता गेलेला नाही. मी उभी राहिले, फोन स्पीकरवर टाकून तोंडासमोर धरला आणि त्यांना नीट ऐकू जातील अशी सातही नावं मोठ्याने वाचली. पहिलं नाव दोनदा वाचलं. मग दाबलं.